हातात दिलेला चाकू

सात चाकू. मोजून सात, अन् सातही फालतू. घरी चिवड्याच्या रिकाम्या डब्यात पडले आहेत. कोणी पाहुणा आला की माही बायको सुभद्रा चहाच्या आधी तो डबाच त्याच्यापुढं ठेवते. "पाहा जी, हे ह्यायचं म्युझियम." पाहुणा हसते. त्याच्यासंगं मीही हसतो, काय करता?

मी रुपराव. कोराडीच्या पॉवर हाउसात चौतीस वर्षं फिटर होतो. दोन पट्ट्या एकमेकीवर वाजवल्या तर आवाजावरून सांगायचो, कोणतं पोलाद अन् कोणतं नुसतं लोखंड. नवीन आलेल्या इंजिनिअर पोट्ट्याईले मी शिकवलं. अन् अशा माणसाले नागपुरातल्या सदरच्या दुकानदारापासून तर मोबाइलातल्या विकणाऱ्यापर्यंत साऱ्याईनं चुना लावला. सुभद्रा म्हणते, "उंटावरचे शहाणे तुम्ही." म्हणू दे. तिले तेव्हा पूर्ण गोष्ट माहीत नव्हती. तुम्हाले सांगतो.

या साताच्या आधी माह्याजवळ एक चाकू होता. तो विकत घेतलेला नव्हता. तो मारोतरावनं बनवला होता.

मारोतराव आमच्या वर्कशॉपात मशिनिस्ट. एकाच वर्षी लागलो, एकाच महिन्यात रिटायर झालो, अन् आता कोराडीतच दोन गल्ल्या सोडून राहतो. पंच्याण्णव साली वर्कशॉपातल्या पॉवर हॅक्सॉचं, म्हणजे जाड लोखंड कापायच्या मशीनचं, हातभर पातं मोडलं. फोरमन म्हणे भंगारात टाका. मारोतरावनं फोरमनले विचारून ते घरी नेलं अन् त्याच्यातून दोन चाकू काढले. घडीचे, खिशात मावणारे. ते पोलाद तापवायचं नाही, ठोकायचं नाही. पाण्यात बुडवत बुडवत नुसतं घासायचं. दोन महिने तो घासत होता. मूठ केली मोडक्या पाटाच्या सागवानाची, त्याच्यात पितळेचे तीन खिळे. एक चाकू त्याले, एक मले. जुळे भाऊच ते.

मले देतानी त्यानं चाकू बाकड्यावर ठेवला अन् म्हणे, "उचल."

"हातात दे ना बे, हात काय भाजून राहिला?"

"चाकू हातात देत नाहीत. भांडण होते. उचल म्हटलं ना."

मी उचलला. अन् त्याच मिनिटाले आमचं भांडण झालं, की कोणाचं पातं जास्त लांब आहे.

तेव्हापासून तीस वर्षं आम्ही रोज भांडलो. चहात साखर किती, संत्रा मृग बहाराचा गोड की आंब्या बहाराचा, डॉक्टर कोणता चांगला, कशावरूनही. पण आमचं खरं भांडण एकच, पेट्रोलचं. शहाण्णव साली त्याच्या लहान भावाचं लग्न होतं रामटेकले. दोघं माह्या स्कूटरवर निघालो अन् मनसरच्या पुढं पेट्रोल संपलं. तिथून स्कूटर ढकलत नेली. पोहोचलो तर मंगलाष्टकं होऊन लोक जेवून राहिले होते. सख्ख्या भावाचं लग्न अन् हा पोहोचला पंगतीले! तो म्हणते, पेट्रोल तुले भरायले सांगितलं होतं. मी म्हणतो, मी तुह्या हातात पैसे दिले होते, भरायचं तुले होतं. अठ्ठावीस वर्षं झाली, निकाल लागला नाही. सुभद्रा म्हणे, "खाली ठेवून दिला तर हे हाल. हातात दिला असता तर कोर्टातच भेटले असते दोघं."

आता ऐका माही करणी.

मागच्या वर्षी जुलैत मारोतरावले अर्धांगाचा हलका झटका आला. पायानं सावरला, पण उजवा हात कापायले लागला. चहाचा कप धरला की बशी वाजे. पार्वतीबाई, त्याची बायको, जाऊन तीन वर्षं झालेली. पोरगा बंगलोरले. मी रोज जायचो, त्याच्याशी भांडायचो, घरी यायचो. सप्टेंबरात आमची पोरगी श्वेतानं पुण्याले बोलावलं. विमानाचं तिकीट तिनंच पाठवलं. मी जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार होतो. नवा शर्ट, नवे बूट, अन् चाकू आपल्या सवयीनं पॅन्टच्या खिशात.

तपासणीवर ते यंत्र बोंबललं. शिपायानं खिशातलं काढायले लावलं. निघाला चाकू. मागं एवढी मोठी लाइन, सारे माह्याकडं पाहून राहिले. सुभद्रा बायांच्या लाइनीतून कवाच पुढं गेलेली. शिपाई बिचारा चांगला होता. म्हणे, "काका, बाहेर कोणी आहे का? त्यांच्याजवळ देऊन या, नाहीतर इथं डब्यात टाका."

अन् बाहेर होता ना! आमच्या गल्लीतला विक्की आपल्या गाडीनं सोडायले आला होता, पार्किंगमध्येच उभा होता. एक फोन केला असता तर काम झालं असतं. पण मागचा एक सुटाबुटातला माणूस घड्याळ पाहून "च्च" करून राहिला होता. मले लाज वाटली. मी म्हटलं, "जाऊ द्या, साधाच चाकू आहे," अन् टाकला डब्यात.

साधाच चाकू आहे! राजेहो, विमान वर गेलं अन् माहं काळीज खाली राहिलं. पुण्यात आठ दिवस पोरीनं काय खाऊ घातलं, मले आठवत नाही. परत आल्याबरोबर विक्कीले घेऊन विमानतळावर गेलो. म्हणे, तो माल निकालात गेला.

मारोतरावले सांगायचं ठरवून गेलो होतो, खरं सांगतो. पण दारात पाय ठेवला न ठेवला तर तो म्हणे, "रुप्या, बरं झालं आला. डॉक्टरनं हाताले काम द्यायले सांगितलं आहे. तुहा चाकू आण, धार लावून देतो. नवीन बनवणं आता या हातानं जमत नाही, पण धार जमते."

आता सांगा, या माणसाले काय सांगू? की तू दोन महिने घासलं ते मी दोन सेकंदात डब्यात टाकलं? म्हणालो, "धार आहे गा अजून. आणतो कधी." पहिलं खोटं. त्याच्या मागं मंग लाइनच लागली.

कारण पुढं जानेवारी होती. जानेवारीत आमची वर्कशॉपच्या लोकांची रोडग्याची पंगत राहते, रामटेकच्या गडाच्या पायथ्याशी, मारोतरावच्या भावाच्या वावरात. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकीचे गोळे, वरून तूप, संगं वांग्याची तिखट भाजी. अन् वांगी चिरायचं काम पंचवीस वर्षांपासून आमचं दोघांचं, त्या दोन जुळ्या चाकूंनी. दुसऱ्या कोणाले विळीही आणू देत नाही. तिथं मले चाकू काढावाच लागणार होता. म्हणून म्हटलं, चार महिने आहेत, तस्साच दिसणारा एक चाकू घेऊ अन् गप बसू.

पहिला घेतला सदरमध्ये. दुकानदार म्हणे, "काका, जर्मन स्टील, तुमचा नातू वापरन." घरी येऊन पेरू चिरला तर टोक वाकलं. पेरूत! परत गेलो तर म्हणते, "पेरू कच्चा असन." मी म्हटलं, बापा, पैसे वापस दे. त्यानं भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं: विकलेला माल परत घेतल्या जात नाही.

दुसरा मोबाइलवर मागवला. फोटोत एवढा मोठा चाकू, सागवानी मूठ, पितळेचे खिळे, डिट्टो आपला. चार हजार लोकांनी पाच-पाच तारे दिलेले. पार्सल बुटाच्या डब्याएवढं आलं. उघडलं, कागद काढला, अजून कागद काढला, अन् शेवटी निघाला करंगळीएवढा चाकू, किल्ल्यांच्या कडीले लटकवायचा. सुभद्रानं चष्मा लावून मोबाइल वाचला. "अजी, खाली लिहिलं तर आहे, सहा सेंटिमीटर." मी म्हटलं, "तू आधी काहून नाही वाचलं?" तर म्हणे, "तुम्ही मले विचारून कधी फसले?"

तिसरा एकात अकरा. त्याच्यात कात्री, करवत, बाटली उघडायचं, दात कोरायचं, सारं होतं. ते उघडता उघडता माह्या अंगठ्याचं नख गेलं. आमच्या घरी मासोळी शिजत नाही, अन् त्याच्यात धार फक्त मासोळीचे खवले काढायच्या पात्याले. चौथ्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी होती. विकणारा म्हणे, शंभर घड्या घातलेलं पोलाद. सुभद्रानं भांड्यांसंगं घासला, नक्षी मोरीत गेली. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. पाचवा बटणाचा. बटण दाबलं की उघडे, अन् न दाबताही उघडे. तो न्हाव्याच्या खुर्चीवर बसलो असतानी खिशात उघडला. पॅन्ट गेली, बाकी वाचलं म्हणा.

दर वेळी असंच. पार्सल येईपर्यंत माणूस राजा. मोबाइलवर पाहून राहिला, आज निघालं, आज नागपुरात आलं, आज गल्लीत आलं. अन् डबा उघडला की हात कपाळाले. सुभद्राले वाटे, म्हातारपणी नाद लागला. तिले काय माहीत, मी चाकू नाही, माफी विकत घ्यायले निघालो होतो, अन् ती कुठंच भेटून नाही राहिली.

सहाव्याले तर मी हद्दच केली. म्हटलं, जाऊ दे, विकतचं नाही पाहिजे, आपणच बनवू. भंगारातून तसंच हॅक्सॉचं जुनं पातं शोधून आणलं अन् रस्त्यावरच्या लोहाराजवळ दिलं. लोहारानं ते भट्टीत घातलं, लाल केलं अन् हाणला घण. तीन तुकडे. तो माह्याकडं पाहते, मी त्याच्याकडं पाहतो. चौतीस वर्षं फिटर! तीस वर्षं लोकाईले सांगत फिरलो की हे पोलाद ठोकायचं नसते, घासायचं असते, अन् स्वतःच नेऊन ठोकायले दिलं. लोहार म्हणे, "बाबूजी, आपको नहीं मालूम था क्या?" तिन्ही तुकडे घेऊन आलो. म्युझियमात तेही आहेत, सहाव्या नंबरावर.

आता इकडं काय होऊन राहिलं होतं, ते पाहा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं माहं झालं. मारोतरावसमोर बसलो की मले तो डबा दिसे. त्याच्याशी भांडायची हिंमतच राहिली नाही. तो म्हणे, साखर जास्त आहे. मी म्हणे, हो, जास्तच आहे. तो म्हणे, आंब्याचा संत्रा आंबट. मी म्हणे, आंबटच. माह्या मनात, तेवढंच प्रायश्चित्त. एक दिवस डिसेंबरात टपरीवर बसलो होतो. त्यानं सुरू केलं, "त्या दिवशी पेट्रोल तुलेच भरायचं होतं."

मी म्हटलं, "हो बापा. माहीच चूक होती."

तो माह्याकडं पाहतच राहिला. कप अर्धा तसाच ठेवला. म्हणे, "काय म्हणला?"

"म्हटलं, माहीच चूक. तू बरोबर होता."

तो उठला अन् घरी गेला. मले वाटलं, खुश झाला. अठ्ठावीस वर्षांचा खटला जिंकला, डोळे भरून आले असतील बिचाऱ्याचे.

दोन दिवसांनी तो ऑटोत त्याचा बाक-शिकंजा घेऊन आला. लोखंडाचा, काम घट्ट पकडून धरायचा, त्याच्या बापाच्या वेळचा, तो कोणाले बोटही लावू देत नव्हता. म्हणे, "राहू दे तुह्याजवळ." मंग एक दिवस कढीपत्त्याची कुंडी घेऊन आला, पार्वतीबाईंच्या हातची. सुभद्राले म्हणे, "वहिनी, पाणी घालत जा." बंगलोरच्या पोराले त्यानं जानेवारीत यायले सांगितलं. अन् चाकूचं नाव त्यानं घेणंच सोडलं. मी घाबरलो. म्हटलं, याले समजलं. विक्कीनं सांगितलं असन, नाहीतर सुभद्राच्या तोंडून या नव्या चाकूंचं निघालं असन. आता हा एक-एक वस्तू देऊन हिशेब मिटवून राहिला, अन् शेवटी माहं तोंड पाहणार नाही. तीस वर्षांचा एकच दोस्त, अन् तो असा जाणार. भैताड झालो मी, पार येडा. जेवण जाईना. सुभद्राले तेव्हा सारं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणे, "अजी, त्याच्या घरी जा अन् सांगून टाका." मी म्हटलं, "रोडग्यानंतर." डरपोक माणसाजवळ तारीख राहतेच पुढची.

तर सातवा. लोखंडाच्या दुकानातून एक साधा घडीचा चाकू आणला, त्याची प्लॅस्टिकची मूठ काढली, सागवानाची केली, पितळेचे तीन खिळे ठोकले. अन् ते कशात धरून ठोकले? मारोतरावच्याच शिकंजात. चहाच्या पाण्यात बुडवून मूठ जुनी केली. हुबेहूब! सुभद्रानं पाहिलं अन् म्हणे, "दिसते तसं नसते." मी म्हटलं, तू चूप बस.

रामटेकले गेलो. धान निघून वावर मोकळं झालेलं, गडावर देवळात घंटा वाजून राहिली, गोवऱ्यांचा धूर. पंचवीस-तीस लोक, कोणी कणीक मळून राहिला, कोणी तूप तपासून राहिला. आमच्या दोघांपुढं वांग्याचं पोतं अन् पाण्याची बादली. मारोतरावनं आपला चाकू काढला. मीही काढला. त्यानं माह्या चाकूकडं नुसतं पाहिलं. माह्या कपाळाले जानेवारीत घाम.

त्याच्या हातानं पहिलं वांगं चिरता चिरत नव्हतं. चाकू वांग्यावर टेकला की हातच हाले. मी म्हटलं, "राहू दे, मी चिरतो सारी." तर तो म्हणे, "हो, तूच चीर." भांडला नाही! मीही जोरात चिरायले लागलो. तीन वांगी झाली. चौथं जरा निबर होतं. जोर दिला, अन् कट्! पातं वांग्यात, मूठ हातात. पितळेचा एक खिळा टुणकन बादलीत पडला.

आजूबाजूचे हसले. मी नाही हसलो. मूठ तशीच हातात धरून बसलो, अन् तोंडातून सारं निघालं. विमान, शिपाई, सुटाबुटातला माणूस, बाहेर उभा असलेला विक्की. "मी 'साधाच चाकू आहे' म्हटलं, मारोता. अन् टाकला. चार महिने झाले, तुह्या तोंडाकडं पाहवत नाही मले. सात चाकू घेतले, एकही तुह्यासारखा नाही. मले माफ कर, नाहीतर दोन ठेवून दे कानाखाली, पण असा चूप नोको राहू."

मारोतराव वांगं धरून बसला होता. मंग हळूच म्हणाला, "म्हणजे चाकू हरवला?"

"हौ."

"फक्त चाकू?"

"फक्त काय गा? तू बनवलेला चाकू!"

"म्हणजे डॉक्टरनं तुले काही सांगितलं नाही?"

"कोणत्या डॉक्टरनं? काय सांगणार?"

त्यानं वांगं खाली ठेवलं. म्हणाला, "अबे, तू पेट्रोलची चूक कबूल केली! अठ्ठावीस वर्षांत नाही केली ती त्या दिवशी केली. मले वाटलं, डॉक्टरनं तुले बाजूले घेऊन सांगितलं की याचं काही खरं नाही. मी मरून राहिलो म्हणून तू मले जिंकू देऊन राहिला! घरी गेलो अन् जेवलो नाही मी. पोराले बोलावलं. शिकंजा दिला, कुंडी दिली. रोज पाहत होतो, आज तरी भांडते का हा, आज तरी भांडते का. अन् तू आपला हो बापा, हो बापा. महिना झाला, मी मेल्यासारखा फिरून राहिलो, भैताडा!"

शेवटचं तो एवढ्या जोरात ओरडला की तुपाजवळची मंडळी उठून उभी राहिली. मी चाकूचं दुःख करत होतो, अन् या माणसानं माह्या एका हो-पायी सारी निरवानिरव सुरू केली होती. मले इतकी लाज विमानतळावरही वाटली नव्हती. रडायलेच आलं, अन् रडलो मी तिथंच, वांग्यात.

त्यानं आपला चाकू उचलला. नेहमीसारखा जमिनीवर ठेवन असं वाटलं. नाही ठेवला. माहा हात ओढला, तळहात उघडला अन् त्याच्यात चाकू टेकवून दिला. कापत्या हातानं माही मूठ बंद केली.

"मारोता, हातात देऊन राहिला तू."

"हौ, हातातच देऊन राहिलो. मले समजते. तीस वर्षं खाली ठेवला, आता नाही ठेवत. भांडण होते म्हणतात ना? होऊ दे. आज संध्याकाळपर्यंत झालं पाहिजे. माह्या हातानं आता वांगं चिरत नाही, तू चीर. अन् पहिले सांग, पेट्रोल कोणाले भरायचं होतं?"

मी नाक पुसलं. म्हटलं, "तुले! पैसे तुह्या हातात दिले होते मी, चिल्लर नव्हती म्हणून कडक नोट दिली होती!"

"खोटारड्या! नोट तू स्कूटरच्या डिक्कीत ठेवली होती!"

"डिक्कीले कुलूप होतं, किल्ली तुह्याजवळ होती!"

मंग जे सुरू झालं ते रोडगे भाजून, भाजी होऊन, पंगत बसेपर्यंत चाललं. वांगी मी चिरली, अन् दर वांग्याले तो म्हणे जाड चिरली. परत येतानी मनसरवर विक्कीनं गाडी पेट्रोल पंपावर घातली तर दोघं मागच्या सीटवरून एकदमच ओरडलो. सुभद्रा म्हणे, "हातात दिला ना? भोगा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातले दारावर थाप. मारोतराव. बाहेर ऑटो उभा.

"शिकंजा दे माहा. अन् कुंडी."

मी दारातच आडवा झालो. "दिलेला माल परत घेतल्या जात नाही."

"कोणाच्या बापाचा कायदा आहे? मी मरून नाही राहिलो, मले पाहिजे माही कुंडी."

अर्धा तास गल्लीत तमाशा झाला. शिकंजा मी ठेवून घेतला, त्याच्यावर त्याले माह्या घरी येऊनच काम करायचं आहे, हात सुधारेपर्यंत. कुंडी तो घेऊन गेला. पण ऑटोत बसता बसता परत उतरला, चष्मा लावला, अन् सुभद्रानं महिनाभरात किती डहाळ्या तोडल्या ते पाहून, मले पाच मिनिटं शिव्या देऊन मंग गेला.